धडधाकट कार्डाचं श्राद्ध

तुमच्या मोबाइलला हेडफोनचं भोक नसेल, तर बॅगेत कुठेतरी बोटभर वायरचा एक तुकडा पडलेला असेल. एका टोकाला टाइप-सी, दुसऱ्या टोकाला जुन्या हेडफोनची जागा. आपण त्याला डोंगल म्हणतो आणि हरवला की तीन-चारशे रुपयांना दुसरा आणतो. बहुतेक डोंगलच्या टाइप-सीकडच्या टोकात डाळीच्या दाण्याएवढी एक चिप असते. ती मोबाइलमधून आलेले आकडे घेते आणि त्यांची वीज करते. ती वीज हेडफोनमध्ये जाऊन आवाज होते. म्हणजे डोंगल हे एक साउंड कार्डच आहे, अगदी गरीब घरचं. आणि ते कुठेही लावा, चालतं. मोबाइल बदलला तरी चालतं, लॅपटॉपला लावलं तरी चालतं. आधी अमुक सॉफ्टवेअर टाका, मग रीस्टार्ट करा, असं काही ते म्हणत नाही.

माझ्याकडे दुसरं एक साउंड कार्ड आहे. २००७ साली घेतलं, तेव्हा ते या डोंगलच्या शंभरपटीहून महाग होतं. माझी तीन महिन्यांची कमाई त्यात गेली होती. कॉम्प्युटरच्या पोटात बसणारं पीसीआय कार्ड, त्यातून निघणारी जाड केबल आणि तिच्या टोकाला लोखंडी डबा. डब्यावर आठ इनपुट, आठ आउटपुट. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. त्याचं आजही काहीएक बिघडलेलं नाही. पण विंडोजच्या लेखी ते वारलेलं आहे, आणि ज्या कंपनीने ते विकलं तिच्या लेखी ते बहुधा कधी जन्मालाच आलं नव्हतं, कारण तिच्या वेबसाइटवर आता त्याचं नावही सापडत नाही.

या धडधाकट कार्डाचं श्राद्ध घालायला माझा नकार आहे, आणि तो का आहे ते जरा तपशिलात सांगायचंय. तुम्ही पॉडकास्ट करत असाल, घरी गाणी रेकॉर्ड करत असाल किंवा पहिला ऑडिओ इंटरफेस घ्यायला पैसे साठवत असाल, तर हे तुमच्याही पैशांबद्दल आहे.

साताऱ्यात साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ हा शब्द जरा मोठा झाला. दोन खोल्या, गाद्या ठोकलेल्या भिंती, आणि समोरच्या रस्त्यावरून एसटी गेली की थांबणारं रेकॉर्डिंग. येणारं गिऱ्हाईक मुख्यतः भजनी मंडळं. भजनी मंडळ रेकॉर्ड करायचं तर आठ माइक लागतातच: बुवांना एक, पेटीला एक, पखवाजाला दोन (शाईच्या बाजूला वेगळा, कणकेच्या बाजूला वेगळा, नाहीतर धुमेचा आवाज सगळ्यांना गिळतो), वीणेला एक, टाळकऱ्यांना दोन आणि मागे उभ्या राहून ओढणाऱ्यांना एक. हे आठही आवाज एकाच क्षणी, एकाच घड्याळाच्या ठोक्यावर मोजून वेगवेगळे नोंदवणं हे व्यावसायिक कार्डाचं खरं काम. सेकंदाला ४८ हजार वेळा प्रत्येक माइकची वीज मोजायची आणि आकडा लिहून ठेवायचा. आठ वाटांपैकी एकीचं घड्याळ जरी किंचित पुढे-मागे धावलं तरी अर्ध्या तासाच्या भजनाच्या शेवटी टाळ आणि पखवाज एकमेकांना विचारेनासे होतात.

दुसरं काम वेळेचं. बुवांच्या कानात हेडफोन असतो आणि त्यांना स्वतःचा आवाज त्यातून ऐकू येतो. तो आवाज माइकमधून कार्डात, कार्डातून प्रोसेसरकडे, तिथून परत कार्डात आणि मग कानात, असा फिरून येतो. कॉम्प्युटर हे आकडे एकेक उचलत नाही, खेपा करून नेतो. एका खेपेत ६४ आकडे नेले तर ४८ किलोहर्ट्झला साधारण १.३ मिलिसेकंद लागतात, १०२४ नेले तर २१ मिलिसेकंद. जायला तेवढे आणि यायला तेवढे. आवाज हवेतून मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर चालतो. म्हणजे पहिल्या हिशेबात बुवा स्वतःपासून हातभर लांब उभे राहून स्वतःला ऐकतात, दुसऱ्यात चौदा मीटरवरून. कार्डाचा ड्रायव्हर गेल्यावर एकदा मी मदरबोर्डवरच्या फुकटच्या साउंडवर काम भागवायला गेलो होतो. पहिल्याच अभंगाला बुवांनी हेडफोन काढला आणि विचारलं, “अरं, माझ्यामागं कोण गातंय?”

ही खेप लहान ठेवायची तर कार्ड आणि सॉफ्टवेअर यांच्यात थेट वाट लागते, मधले सगळे कारकून वगळून. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७मध्ये एएसआयओ नावाची तशी वाट विंडोजवर पाडून दिली, आणि घरगुती स्टुडिओ हा प्रकार जगभर उभा राहिला त्यात या वाटेचा मोठा वाटा आहे. पण वाटेच्या तोंडाशी नाकेदार बसतो तो कंपनीचा ड्रायव्हर. कार्डाशी कोणत्या भाषेत बोलायचं, कुठल्या कप्प्यात कोणता आकडा लिहिला की तिसरा इनपुट चालू होतो, हे फक्त त्याला माहीत. तो विंडोजच्या अगदी गाभ्यात राहतो, त्यामुळे विंडोज बदललं की तोही बदलावा लागतो. आणि तो बदलायचा की नाही, हे ठरवते कंपनी.

माझ्या कार्डाला एक्सपीचा ड्रायव्हर सोबत मिळाला. विंडोज ७ आलं तेव्हा काही महिने वाट पाहिल्यावर त्याचाही मिळाला. मग काही नाही. जानेवारी २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ७चा पाठिंबा थांबवला. मी पीसीआय स्लॉट असलेला एक वापरलेला कॉम्प्युटर मुद्दाम शोधून आणला, त्यात विंडोज १० टाकलं आणि जुना ड्रायव्हर घातला, तर निळा पडदा. कंपनीला मेल केला. उत्तर आलं: हे उत्पादन ‘लीगसी’ झालं आहे, आमची नवी मालिका पाहा, खाली लिंक आहे. लीगसी म्हणजे वारसा ना? वारसा लोक जपतात असा माझा समज होता.

आता याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवा. त्याच्या दोनेक वर्षं आधी त्या लोखंडी डब्यातून घुं असा आवाज यायला लागला होता. मी डबा उचलून बाजारपेठेतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या अण्णांकडे नेला. अण्णांनी असलं यंत्र जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी झाकण काढलं, आत नजर टाकली, पॉवर सप्लायमधले दोन फुगलेले कंडेन्सर दाखवले, ते बदलले आणि साठ रुपये घेतले. घुं बंद. अण्णांना कंपनीची परवानगी लागली नाही, कारण कंडेन्सरवर त्याचं माप छापलेलं असतं आणि ते जगात सगळीकडे सारखं असतं. यंत्र खरोखर म्हातारं झालं तेव्हा साठ रुपयांत बरं झालं. आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं, तेव्हा मात्र ते मेलं. हे मी आजवर जितक्या लोकांना सांगितलं त्यातल्या निम्म्यांनी खांदे उडवून म्हटलंय, “टेक्नॉलॉजी पुढे जाते रे, त्याला कोण काय करणार!”

टेक्नॉलॉजी कुठे पुढे गेली ते बघू या. नव्या डब्यांवर ३२ बिट, १९२ किलोहर्ट्झ असं ठळक छापलेलं असतं. ४८ किलोहर्ट्झने मोजलेल्या आकड्यांतून २४ किलोहर्ट्झच्या खालचा आवाज परत उभा करता येतो. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर तेही कमी होत जातं. १९२वर रेकॉर्ड केलं तर ९६ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडता येईल, म्हणजे वटवाघळांची भजनं. बिटचंही तसंच. २४ बिटांत कागदावर १४४ डेसिबलचं अंतर मावतं, पण चांगल्यातली चांगली कन्व्हर्टर चिपही प्रत्यक्षात त्याच्या अलीकडेच थकते, त्यामुळे त्यावरचे आठ बिट ही निव्वळ सजावट. (३२ बिट ‘फ्लोट’वाले फील्ड रेकॉर्डर दोन कन्व्हर्टर जोडून वेगळी युक्ती करतात. तो मुद्दा वेगळा आणि काही कामांना खराच उपयोगी आहे.) माझ्या खोलीत पंखा बंद केल्यावरही तीसेक डेसिबल गोंगाट उरतो, आणि माइकजवळचे बुवा फार तर शंभरापर्यंत जातात. मला लागतं सत्तर डेसिबलचं अंतर. २००७चं कार्ड शंभराच्या वर देतं. माझ्या रेकॉर्डिंगची पातळी आज कोण ठरवत असेल तर समोरची एसटी. नवं कार्ड घेतल्याने तिचा हॉर्न थांबणार नाही.

थोडक्यात, या धंद्यातल्या मूळ कामाची गुणवत्ता पंधरा-वीस वर्षांपूर्वीच गरजेच्या पुढे गेलेली आहे. नंतर वस्तू लहान झाल्या, स्वस्त झाल्या, केबल बारीक झाल्या. हे चांगलंच झालं, नाहीतर तुमच्यातल्या कित्येकांना घरी रेकॉर्डिंग परवडलंच नसतं. पण ज्याच्याकडे चांगलं कार्ड आहे त्याला नवं विकायचं कसं, हा प्रश्न कंपन्यांपुढे खरा आहे, आणि ड्रायव्हर न लिहिणं हे त्याचं सगळ्यात कमी खर्चाचं उत्तर आहे. त्यासाठी काहीच करावं लागत नाही. नुसतं बसून राहायचं. मग कार्ड आपोआप मरतं आणि दोष टेक्नॉलॉजीच्या नावावर जमा होतो.

फायरवायरचं तेच झालं. शून्यांच्या दशकात मॅकवर आणि विंडोजवर कितीतरी स्टुडिओ फायरवायरच्या डब्यांवर चालायचे. हळूहळू ती भोकं लॅपटॉपवरून गेली. लोकांनी अडॅप्टरला अडॅप्टर जोडून काम चालू ठेवलं, आणि २०२५च्या मॅकओएस टाहोमध्ये ॲपलने फायरवायरचा आधारच काढून टाकला. याच फायरवायरचं लिनक्समधलं काम तकाशी साकामोतो नावाचा जपानी प्रोग्रामर सांभाळतो, आणि २०२९पर्यंत ते सांभाळायचं असं त्याने जाहीर केलेलं आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला जे जड झालं, ते एका माणसाने अंगावर घेतलंय.

लिनक्सचं नाव आलंच आहे तर माझ्या कार्डाचं पुढे काय झालं ते सांगतो. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत आला होता, निळ्या पडद्याची कहाणी ऐकली आणि म्हणाला, “मामा, एक पेन ड्राइव्ह दे.” त्याने जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं. कुठलाही ड्रायव्हर शोधला नाही, डाउनलोड केला नाही. कॉम्प्युटर चालू झाला आणि आठ इनपुट, आठ आउटपुट पडद्यावर ओळीने हजर. मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. कारण साधं होतं. माझ्या कार्डावरची मुख्य चिप ‘एन्व्ही२४’ घराण्यातली. ती त्या काळात बऱ्याच कंपन्यांनी वापरली होती. लिनक्सच्या अल्सा या ध्वनिव्यवस्थेत तिचा ड्रायव्हर कधीचाच लिहून ठेवलेला आहे आणि तो सगळ्यांसाठी उघडा आहे. लिनक्स बदललं की कुणीतरी त्यातल्या चार ओळी बदलतं. ते कुणीतरी मला ओळखत नाही, साताऱ्याला कधी आलेलं नाही, आणि माझ्याकडून त्याला एक पैसा मिळालेला नाही.

इथे कुणी म्हणेल, मग झालं तर, लिनक्स वापरा, रडता कशाला? मी वापरतोय. पण सगळ्यांनी वापरावं असं म्हणणं सोपं नाही. कुणाची वीस वर्षांची कामं विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेली असतात, आणि भाचा सगळ्यांना नसतो. शिवाय लिनक्सवाल्यांनाही प्रत्येक कार्ड जमत नाही. कंपनीने चिपची माहिती दिली नसेल तर त्यांना कार्ड आणि ड्रायव्हर यांच्यातलं बोलणं चोरून ऐकून भाषा शिकावी लागते. फोकसराइटच्या स्कार्लेट मालिकेतले आतले मिक्सर लिनक्सवर चालतात, ते जेफ्री बेनेट नावाच्या माणसाने अशीच पाळत ठेवून ड्रायव्हर लिहिला म्हणून. हे कौतुकाचं आहे, आणि ज्याने वस्तू विकत घेतली त्याने तिचीच हेरगिरी करावी ही लाजेची गोष्टही आहे.

कंपन्यांची बाजू मला माहीत आहे आणि ती अगदीच पोकळ नाही. ड्रायव्हर कॉम्प्युटरच्या गाभ्यात चालतो, त्यात चूक राहिली तर अख्खं यंत्र कोसळतं किंवा चोराला दार उघडं मिळतं. म्हणून मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल नियम कडक करत गेले. प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी दहा जुनी मॉडेलं तपासायला माणसं लागतात, आणि यातल्या बऱ्याच कंपन्या लहान आहेत. मान्य. पण आरएमई ही जर्मन कंपनीही काही मोठी नाही. तिने २००४च्या फायरफेस ८००ला विंडोज १०पर्यंत ड्रायव्हर दिले. तिचे डबे महाग असतात, आणि लोक ते का घेतात याचं हे एक कारण आहे. तरी सगळ्यांनी आरएमई व्हावं अशीही माझी मागणी नाही. जन्मभर सांभाळा असं मी म्हणत नाही. सोडताना कागद देऊन जा, एवढंच म्हणतोय. ज्या दिवशी शेवटचा ड्रायव्हर निघाला, त्या दिवशी कार्डाशी बोलायची भाषा जाहीर करा. ज्या वस्तूवर तुम्ही यापुढे एक रुपयाही कमावणार नाही असं तुम्हीच सांगताय, तिचं गुपित कुणापासून जपताय?

आणि नव्या वस्तूंसाठी तर हा सगळा खटाटोपही लागायला नको. डोंगल कुठेही का चालतो? त्याची भाषा ठरलेली आहे म्हणून. यूएसबी ऑडिओ क्लास नावाचं प्रमाण आहे, त्याची पहिली आवृत्ती १९९८ची, दुसरी २००६ची. या भाषेत बोलणारा डबा ‘क्लास कंप्लायंट’ म्हणवतो आणि त्याला कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मॅकने दुसरी आवृत्ती लवकर शिकून घेतली, अँड्रॉइडने २०१४च्या ५.० आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ सुरू केलं. विंडोजला दुसरी आवृत्ती यायला २०१७ उजाडलं, म्हणजे अकरा वर्षं. त्या अकरा वर्षांत विकल्या गेलेल्या डब्यांना विंडोजवर कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय गती नव्हती. आजही विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर एएसआयओची ती थेट वाट देत नाही म्हणून लोक कंपनीचाच टाकतात. एएसआयओसकट ड्रायव्हर विंडोजमध्येच देऊ, असं मायक्रोसॉफ्टने २०२४मध्ये जाहीर केलं. तो सगळ्यांच्या मशीनवर येईल तेव्हा नाकेदाराचं नाक बरंचसं कापलं जाईल.

ऑक्टोबर २०२०मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे असाही कासेई मायक्रोडिव्हाइसेसच्या कारखान्याला आग लागली. ऑडिओ कन्व्हर्टर चिप बनवणाऱ्या मोजक्या मोठ्या नावांपैकी ते एक. आग विझायला काही दिवस लागले, आणि पुढे जगभरच्या ऑडिओ कंपन्या चिपसाठी दारोदार फिरल्या. कित्येकांनी आपले डबे दुसऱ्या कंपनीच्या चिपभोवती नव्याने आखले. त्याच काळात, त्याच कारखान्याच्या चिप बसवलेली किती चालू कार्डं ड्रायव्हर नाही म्हणून भंगारात गेली असतील? मी स्वतः एक घातलंय, हे कबूल करतो. दुसरं कार्ड होतं, दोन इनपुटचं. भंगारवाल्याने लोखंडाच्या भावाने घेतलं. पितळी जॅक वेगळे काढले तर जास्त देतो म्हणाला, मी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

आपल्याकडचा कायदा या प्रसंगात शेवटच्या अंकात प्रवेश करतो. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, त्यात कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण ती वस्तू कचरा झाल्यावर. तिला कचरा कुणी केलं, हे कुणी विचारत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टल काढलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी क्षेत्रं धरली आहेत. चांगली सुरुवात आहे. पण दुरुस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्क्रू ड्रायव्हर येतो. ज्या ड्रायव्हरमुळे वस्तू मरते, तो त्या चित्रात नाही. विकताना खोक्यावर उत्पादनाची तारीख आणि कमाल किंमत छापावी लागते. ‘या वस्तूचा ड्रायव्हर अमुक सालापर्यंत मिळेल’ ही एक ओळ छापायला कितीशी शाई लागेल? मग १९२ किलोहर्ट्झच्या ठळक अक्षरांशेजारी लोक ती ओळही वाचतील, आणि दोन खोकी शेजारी ठेवून ठरवतील.

तोवर दुकानात गेलात, लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ऑनलाइन मागवा, तर किलोहर्ट्झ विचारू नका. हा डबा कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय चालतो का, ते विचारा. उत्तर आलं नाही तर खिशातला मोबाइल काढा, त्याला तो डबा जोडून बघा. काहींना बाहेरून वीज द्यावी लागेल, तेवढी द्या. मोबाइलवर आवाज आला, तर तो डबा त्या कंपनीच्या मर्जीशिवायही बऱ्यापैकी जगेल. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या, पैसे तुमचे जाताहेत.

शनिवारी वाठारहून मंडळ येतंय. बुवा तेच, आता पंच्याहत्तरीचे. पखवाजावर त्यांचा नातू आहे. आठ माइक काढून ठेवलेत, एक एक्सएलआर केबल खरखर करतेय, ती उद्या अण्णांकडे टाकायची आहे. बफर ६४वर लावलाय. मागच्या खेपेला बुवांनी हेडफोन घातला, एक आलाप घेतला आणि काहीच न बोलता मान हलवून पेटीकडे बघितलं. पेटीवाल्याने सूर धरला. खाली एसटी थांबलेली होती, ती जाईपर्यंत आम्ही सगळे गप्प उभे राहिलो, आणि मग मी लाल बटण दाबलं.